संगीताचे शहर आणि तालमीची खोली



३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने जगातली ५५ नवी शहरे आपल्या ‘सर्जनशील शहरां’च्या यादीत घेतली. त्यांत भारतातली दोन होती. केरळातले कोळिकोड साहित्याचे शहर ठरले आणि आपले ग्वाल्हेर संगीताचे. संगीतासाठी हा मान यापूर्वी भारतात वाराणसीला २०१५ साली आणि चेन्नईला २०१७ साली मिळाला होता. बातमी आली त्या संध्याकाळी आपल्या मंडळातही पेढे वाटले गेले आणि त्यात काहीच गैर नव्हते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी लष्करातल्या वाड्यांत तंबोरे जुळवले, त्या घरांना आनंद होणारच.

पेढे केव्हाच संपले. आता थोडे हिशेबाचे बोलू.

ही पदवी देताना युनेस्को एक पैसाही देत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नाही. उलट पदवी घेणारे शहरच लिहून देते की कला हा आम्ही शहराच्या विकासाचा भाग मानू आणि त्यासाठी अमुक अमुक करू. पुढे दर चार वर्षांनी काय केले, याचा अहवाल त्या शहराने द्यायचा असतो. म्हणजे ग्वाल्हेरचा पहिला अहवाल २०२७ सालचा. त्या अहवालात काय लिहिले जाईल, हा या अंकाचा विषय आहे.

लिहिण्यासारखे काहीच नाही असे नाही. २५ डिसेंबर २०२३ रोजी किल्ल्यावर कर्णमहालाजवळ बाराशेहून अधिक तबलावादकांनी एकत्र वादन केले, गिनीज बुकात नोंद झाली आणि राज्य सरकारने तो दिवस ‘तबला दिवस’ म्हणून जाहीर केला. पुढच्या वर्षी तानसेन समारोहाचे शतक होते. त्या वेळीही किल्ल्यावर पाचशेहून अधिक वादकांचा मेळ जमला आणि पुन्हा विक्रम झाला. छायाचित्रे सुंदर आली.

त्या बाराशेंत आपल्या समाजातला एक मुलगा होता. नाव देत नाही, त्याला आवडणार नाही. संगीताची पदवी घेतलेला, हात तयार, साथीला समज असलेला. त्या दिवशीचे प्रमाणपत्र त्याच्या आईने काचेत बसवून भिंतीवर लावले आहे. त्यानंतर वर्षभर तो घरच्या घरी शिकवण्या घेत होता. फ्लॅटमध्ये संध्याकाळी सहा मुले तबला वाजवू लागली की खालच्या मजल्यावरून तक्रार येई, आणि खालच्या मजल्याचेही चुकले असे म्हणता येत नाही. मुलाने भाड्याने खोली शोधली. जिथे परवडत होती तिथे मुलांचे आईवडील पाठवायला तयार नव्हते, जिथे पाठवायला तयार होते तिथे परवडत नव्हती. शेवटी तो पुण्याला गेला. तिथे एका कंपनीत आहे. तबला नेला आहे, असे त्याची आई सांगते.

बाराशे तबले एका दिवशी किल्ल्यावर नेता येतात आणि सहा तबल्यांना रोज संध्याकाळी शहरात खोली मिळत नाही, अशी ही परिस्थिती आहे.

ग्वाल्हेर घराण्याचा इतिहास आपण सारे जाणतो, निदान भाषणांत सांगतो. हद्दू खाँ, हस्सू खाँ, नथ्थू खाँ यांच्याकडची विद्या मराठी घरांत उतरली. त्यांच्या परंपरेत वासुदेवबुवा जोशी तयार झाले, वासुदेवबुवांकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि बुवांनी ती गायकी मिरज-इचलकरंजीकडे नेली. बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी एखादी मुलगी गाण्याच्या परीक्षेला बसते, तेव्हा ती या ग्वाल्हेरच्या झाडाच्याच एका फांदीवर बसलेली असते.

पण हे सांगताना आपण दरबाराच्या झगमगाटाचे वर्णन करतो आणि मुद्द्याची गोष्ट सोडून देतो. दरबाराने गवयाला शाल दिली म्हणून घराणे उभे राहिले नाही. त्याला दरमहा पगार मिळत होता, राहायला जागा होती, दाराशी येणाऱ्या शिष्याला शिकवायला वेळ होता, म्हणून उभे राहिले. १८८६ साली जयाजीराव गेले आणि त्यानंतर निसार हुसेन खाँसाहेबांचा दरबारी आश्रय सुटला. तेव्हा खाँसाहेब शंकरराव पंडितांच्या घरी येऊन राहिले. एका मराठी ब्राह्मणाच्या घरात एक मुसलमान उस्ताद त्या काळात वर्षानुवर्षे राहतो आणि ते घर त्यांच्याकडून विद्या घेते, ही ग्वाल्हेरच्या संगीताची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट. दरबार आटला तेव्हा एका घराने छप्पर दिले. त्याच घरातल्या कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली वडिलांच्या नावाने संगीत विद्यालय काढले आणि पुढे पाऊण शतक ग्वाल्हेरची गायकी देशाला ऐकवली.

१९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघाले, तेही असेच नीट पाहण्यासारखे आहे. पंडित भातखंड्यांनी माधवराव महाराजांना पटवले. महाराजांनी आपल्या गवयांपैकी काहींना आधी मुंबईला भातखंड्यांकडे स्वरलिपी आणि शिकवण्याची पद्धत शिकायला पाठवले आणि मग शाळा उघडली. राजाभैया पूछवाले त्यांतलेच, पुढे ते त्या संस्थेचे प्राचार्य झाले. याचा अर्थ असा की आधी शिक्षक तयार केले, त्यांचा पगार ठरवला, अभ्यासक्रम ठरवला, इमारत दिली. उत्सव करणेही महाराजांना ठाऊक होते. १९२४ साली हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीवरचा उर्स मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, तो त्यांच्याच काळात. पण क्रम पाहा. शाळा सहा वर्षे आधीची आहे.

संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले, १९५६ साली मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. कलेचा आश्रयही तिकडे गेला. त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. १९८२ साली उभ्या राहिलेल्या भारत भवनाने भोपाळला जे दिले ते मोलाचेच आहे, आणि २००८ साली राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचे संगीत व कला विद्यापीठ राज्य सरकारने ग्वाल्हेरलाच दिले, हेही विसरू नये. परंतु या सत्तर वर्षांत एक सवय लागून गेली. कला म्हणजे सरकारच्या संस्कृती विभागाचे काम, नगर निगमाचे काम म्हणजे नळ, नाली आणि कचरा, असे पार्षदही मानू लागले आणि आपणही. तानसेन समारोह राज्याच्या अकादमीचा, कलावंत कोण हे ठरते भोपाळला, सत्कार तिथलेच करणार. शहर मंडपाबाहेर वाहने लावण्याची व्यवस्था पाहते. आता पदवी आली ती मात्र शहराच्या नावाने.

कायदा काय म्हणतो? ७४वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली. तिने घटनेत बारावे परिशिष्ट घातले आणि शहरांच्या स्थानिक संस्थांकडे सोपवता येण्याजोगी १८ कामे त्यात नोंदवली. त्यांतले तेरावे काम सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचे आहे. रस्ते, पाणी, दिवाबत्ती ज्या यादीत आहेत त्याच यादीत ते आहे. तेव्हा कोणी पार्षद महोदय ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही’ म्हणाले, तर त्यांना हा तेरावा क्रमांक नम्रपणे दाखवावा. आणि आपल्या संपत्ती कराच्या पावतीवर शिक्षण उपकर म्हणून एक ओळ असते. ती आपण दरवर्षी मुकाट्याने भरतो. संगीताच्या शहरात त्या उपकरातला एक रुपया तरी निगमाच्या शाळांतल्या मुलांच्या गाण्या-वाजवण्यावर खर्च होतो का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

कोळिकोडचे उदाहरण यासाठीच घेण्यासारखे आहे. आपल्याबरोबर एकाच दिवशी त्या शहराला पदवी मिळाली. पण त्याने अर्जात काय दाखवले असेल? त्याच्या गल्लोगल्ली वाचनालये आहेत. केरळच्या १९८९ च्या ग्रंथालय कायद्याने तिथे मालमत्ता करावर रुपयामागे पाच पैसे ग्रंथालय उपकर बसवलेला आहे आणि तो स्थानिक संस्था गोळा करतात. रुपयाला पाच पैसे! कोणाचे घर त्याने बुडत नाही, कोणाला त्याची जाणीवही होत नाही, पण वाचनालयाचे दार रोज संध्याकाळी उघडते. त्या शहराला साहित्याची पदवी मिळण्याआधी कित्येक वर्षे ते दार उघडत होते.

महाराष्ट्रातल्या शहरांना आपण ऊठसूट नावे ठेवतो, पण एक गोष्ट त्यांच्याकडून घ्यावी. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून महापालिकेचे आहे, ठाण्याचे गडकरी रंगायतन महापालिकेचे आहे. तिथल्या स्वच्छतागृहांवर वर्तमानपत्रांत रकाने भरून तक्रारी येतात, तारखांवरून भांडणे होतात. होऊ देत. भांडण होते कारण लोकांना ती जागा आपली वाटते. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ साली बांधले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रात्रीच रस्त्यावर माणसे जमली, नाटकवाले तर रडलेच, पण ज्यांनी जन्मात दोन नाटके पाहिली असतील तेही उभे होते. आपल्या शहरातले एखादे सभागृह जळाले, तर कोण धावत येईल? विमा कंपनीचा माणूस येईल.

सभागृहांचा आपला अनुभव सांगायचा तर असा. गेल्या काही वर्षांत लहान कार्यक्रमांसाठी, म्हणजे शंभर-सव्वाशे माणसांसाठी, आपण शहरातल्या अनेक जागांची चौकशी केली. एका सरकारी जागेत आधी तारीख मिळाली, पावती मिळाली, आणि चार दिवस आधी ‘वरून कार्यक्रम आला आहे’ म्हणून तारीख काढून घेण्यात आली. गायिका इंदूरहून निघायच्या तयारीत होत्या. दुसऱ्या एका ठिकाणी भाडे परवडण्यासारखे होते, पण ध्वनिक्षेपक त्यांच्याच ठेकेदाराचा घ्यायचा अट होती आणि त्याचे बिल भाड्याहून मोठे. वार्डांतली सामुदायिक भवने तर लग्नसराईत लग्नांना आणि बाकी वर्षभर कुलपांना दिलेली असतात. दालबाजारात आर्टिस्ट कंबाइनने आपल्या हिमतीवर नाट्यमंदिर उभे केले आणि टिकवले म्हणून ग्वाल्हेरात मराठी रंगभूमीला पाय टेकायला जागा तरी राहिली. ते काम हौशी माणसांनी केले, शहराने नव्हे.

एवढे शहराचे. आता आपले, आणि इथे आवाज जरा खाली आणून बोलावे लागेल.

पंधरा-वीस वर्षांतली आपल्या समाजाची नगर निगमाकडे गेलेली निवेदने मी परवा कपाटातून काढून वाचली. एका चौकाला नाव द्यावे. एका पुतळ्याला जागा द्यावी. एका रस्त्याचे नाव बदलले ते पूर्ववत करावे. मिरवणुकीचा मार्ग. पुन्हा चौक. राजकवी भा. रा. तांबे ज्या शहरात राहिले, जिथे १९६१ साली मराठी साहित्य संमेलन भरले आणि कुसुमावती देशपांड्यांच्या रूपाने त्या संमेलनाला पहिली महिला अध्यक्ष मिळाली, त्या शहरातल्या मराठी माणसाने इतक्या वर्षांत एकदाही लिहून मागितले नाही की आमच्या मुलांना गाणे शिकायला, नाटकाची तालीम करायला एक जागा द्या. पार्षदांना दोष देताना हे लक्षात ठेवलेले बरे. चौकाचे नाव त्यांना स्वस्त पडते. आपण स्वस्त मागत आलो, त्यांनी दिले, हार घालून घेतले.

आणि आपल्या गणेशोत्सवाचे जमाखर्च? गेल्या वेळी मंडप, रोषणाई आणि महाप्रसाद यांच्यापुढे कलावंतांचे मानधन इतके बारीक होते की खजिनदारांनी ते ‘इतर’ या सदरात टाकले होते. खजिनदार माझे मित्र आहेत, रागावणार नाहीत. पेटीवाल्याला आपण पाकीट देतो ते प्रसादाच्या पुडीबरोबर, जणू प्रसादच. बाहेरून, पुण्या-मुंबईहून कोणी येणार असले की मात्र रेल्वेचे आरक्षण, हॉटेल आणि ठरलेली रक्कम आधी पोचते.

या बाबतीत इंदूरकरांचे कौतुक आपण नेहमी करतो. तिथला सानंद न्यास सभासदांच्या वर्गणीवर वर्षानुवर्षे मराठी नाटके आणतो आणि एकाच नाटकाचे प्रयोग सभासदांच्या वेगवेगळ्या गटांसाठी लागोपाठ लावतो. शिस्त अशी की घड्याळ लावावे. ही गोष्ट मोठीच आहे, कारण वर्गणी देऊन नाटक पाहणारा प्रेक्षक त्यांनी घडवला. आपण तेवढेही केलेले नाही. पण आपल्याकडे तसे करायचे झाले, तर माझे मत असे की वर्षातल्या दोन तारखा तरी ग्वाल्हेरच्या माणसांसाठी राखून ठेवाव्यात. मुंबईचे नाटक येते आणि जाते. त्याने आपली करमणूक होते, भाषा कानावर पडते, पण शहरातला नट त्याने उभा राहत नाही.

उभा राहिला नाही तर काय जाते, हेही सांगतो. तानसेन समारोहाचा आरंभ कसा होतो हे आपल्यापैकी ज्यांनी सकाळी जाऊन पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे. संध्याकाळच्या मोठ्या मैफलींना गर्दी असते, सकाळी मोजकी माणसे. समाधीपाशी शहनाई होते, मग ढोलीबुवांच्या पीठाचे महाराज हरिकथा करतात आणि त्यानंतर मिलाद होतो. हरिकथा म्हणजे आपल्या नारदीय कीर्तनाची सख्खी बहीण. शिंद्यांबरोबर इकडे आलेल्या कीर्तनपरंपरेने एका सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात, तानसेनाच्या समाधीपुढे उभे राहून दरवर्षी पहिले पद गायचे, असा मान जगात दुसऱ्या कोणत्या शहरात मराठी माणसाला मिळतो? या मानाला टाळ लागतात, पेटी लागते, पखवाज-तबल्याची साथ लागते. ती साथ करणारी मुले कुठे तरी रोज बसून तयार व्हावी लागतात. ती फ्लॅटमध्ये तयार होत नाहीत, हे वर सांगितलेच.

तेव्हा मागायचे काय, ते ठरवून टाकू. नवे भव्य संगीत संकुल मागू नये. त्याचे भूमिपूजन होईल, पाटी लागेल आणि तीन निवडणुका ती पाटी तशीच उभी राहील. शहरात ६६ वार्ड आहेत. त्यांतल्या सामुदायिक भवनांपैकी सहा, फक्त सहा, लष्कर, ग्वाल्हेर आणि मुरार या तिन्ही भागांत प्रत्येकी दोन, रोज संध्याकाळी तीन तास तालमीसाठी उघडी ठेवावीत. भाडे नाममात्र असावे आणि जाहीर लावलेले असावे. मराठी मुलांसाठी म्हणून नव्हे. जो शिकतो आणि शिकवतो त्याच्यासाठी, मग तो ध्रुपद गाणारा असो, कव्वाल असो की बुंदेली लोकगीते म्हणणारा. आपण फक्त आपल्यापुरते मागितले तर मिळणार नाही, आणि मिळू नये. निसार हुसेन खाँसाहेबांना शंकररावांनी जात विचारली नव्हती.

दुसरे, एकदा पावती फाडलेली तारीख ‘वरच्या’ कार्यक्रमासाठी काढून घ्यायची नाही, आणि घेतलीच तर भाड्याच्या दुप्पट रक्कम परत. हा नियम झाला तर अर्धी दुखणी जातील. तिसरी गोष्ट पैशाची. निगमाच्या अर्थसंकल्पात संगीतासाठी वेगळे शीर्ष असावे आणि त्यातून स्थानिक कलावंतांच्या महिन्याच्या महिन्याला होणाऱ्या बैठकींचे मानधन थेट खात्यात जावे. रक्कम कितीही लहान असो, ती दरवर्षी असली पाहिजे आणि तिच्यासाठी कोणाच्या दारी जावे लागता कामा नये.

यावर रस्ते आधी का गाणे आधी, असा प्रश्न येणारच. माझ्याही गल्लीत खड्डे आहेत. पण सहा भवनांच्या दिव्याचा, झाडूचा आणि एका रखवालदाराचा खर्च काढून पाहावा. एका रात्रीच्या विक्रमासाठी उभारलेल्या मंचाच्या खर्चापुढे तो किती भरेल, हे निगमाने स्वतःच मांडून दाखवावे. आपण ते आकडे मागवतो आहोत.

त्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज तयार केला आहे. निगमाच्या ताब्यात किती भवने आणि सभागृहे आहेत, गेल्या तीन वर्षांत ती कोणत्या तारखांना कोणाला आणि किती भाड्याने दिली, शिक्षण उपकरातून कलाशिक्षणावर काय खर्च झाला आणि युनेस्कोला अर्ज करताना शहराने कोणकोणती वचने दिली, असे चार प्रश्न त्यात आहेत. उत्तरे आली की जशीच्या तशी याच पानावर छापू. न आली तर तेही छापू. तिन्ही भागांतल्या उमेदवारांकडे निवडणुकीच्या वेळी घेऊन जायचे निवेदन त्या उत्तरांवरून लिहायचे आहे आणि त्यात या वेळी चौक नसेल.

अर्ज एकाच्या नावाने जाईल, पण सोबतच्या निवेदनावर जितक्या घरांच्या सह्या होतील तितक्या हव्या आहेत. कार्यालय रोज संध्याकाळी सहा ते आठ उघडे असते. सही करायला येताना संपत्ती कराची ताजी पावती घेऊन यावे, क्रमांक लिहून घ्यायचा आहे. आणि ज्यांच्या घरी जुने तंबोरे, तबले, पेट्या माळ्यावर पडून आहेत त्यांनी तेही कळवावे. खोल्या मिळाल्या तर पहिल्या दिवशी वाद्ये लागतील.